दाजींचं काळीज आणि अर्जुनाची साल

ज्याचा सतत हेवा वाटावा असा माणूस शेजारी म्हणून लाभला तर घर बदलता येतं, साहेब म्हणून लाभला तर बदली मागता येते. पण साडू म्हणून लाभला तर माणसाला काहीही करता येत नाही. दिवाळीला भेट, लग्नात भेट, बारशाला भेट, आणि प्रत्येक भेटीनंतर परतीच्या वाटेवर बायकोच्या तोंडून त्याचं कौतुक. मला असा साडू लाभला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव त्यांना आबा म्हणतं, आमच्या घरात ते दाजी आहेत, आणि मी जाहीरपणे दाजी व मनातल्या मनात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काहीतरी म्हणतो. मळवलीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर आहे. उभा जन्म त्यांनी रेल्वेत गँगमन म्हणून खंडाळ्याच्या घाटात रूळ तपासत काढला. तिथं त्यांच्या टोळीत डोंगरातल्या ठाकरवाडीतली माणसं होती. त्यांच्याकडून दाजींनी झाडपाल्याच्या औषधांचं ज्ञान घेतलं आणि निवृत्तीनंतर साऱ्या मावळाला पाजायला सुरुवात केली.

झाडाशी त्यांचं नातं भावकीतल्यासारखं आहे. साल काढायची झाली तर आधी खोडावर हात ठेवून, ‘घेतो रं बाबा दोन बोटं, रागावू नगंस,’ असं म्हणतात, आणि मग कोयता लावतात. रस्त्यानं चालताना त्यांच्याशी सरळ गप्पा मारणं अशक्य आहे. वाक्याच्या मध्येच ते कुंपणात हात घालतात, पान तोडतात, चुरगळून हुंगतात, अर्धं स्वतः खातात आणि उरलेलं अर्धं आपल्या तोंडासमोर धरतात. न खाल्लं तर वाईट वाटून घेत नाहीत. फक्त ‘शहरात राहून जिभा मेल्या तुमच्या’ असं प्रेमानं म्हणतात. एकदा लोणावळ्यात एका लग्नाच्या हॉलच्या दारातल्या कुंडीतलं हिरवंगार पान त्यांनी असंच तोडून चघळलं. बराच वेळ चघळलं. मग विचारपूर्वक बाजूला थुंकून म्हणाले, “याच्यात आता सत्त्व ऱ्हायलं न्हाई.” पान प्लॅस्टिकचं होतं. ही गोष्ट मी पुढं प्रत्येक समारंभात सांगितली, दाजींची फजिती व्हावी म्हणून. झालं असं की ऐकणारे पोट धरून हसतात आणि शेवटी म्हणतात, “किती गोड माणूस आहे हो!” त्यामुळं मी ती सांगणं सोडून दिलं आहे.

माझं दुःख समजायचं तर माझा धंदा सांगायला हवा. माझं तळेगावात औषधांचं दुकान आहे. रीतसर शिकून, परवाना भिंतीवर लावून मी काउंटरच्या मागं इतकी वर्षं उभा आहे. आणि काउंटरच्या पुढं उभी असलेली गिऱ्हाइकं खोकल्याचं औषध हातात घेऊन एकमेकांना विचारतात, “यापेक्षा मळवलीच्या आबांकडं जायचं का?” आबा माझे साडू आहेत हे कळलं की त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल प्रथमच आदर दिसतो. सुदुंबऱ्याच्या एका मावशींनी तर मला सांगितलं होतं, “मंग तुमी गोळ्या कशाला इकत बसलाय?” मी गाडी लागण्याच्या गोळ्या आजवर पोत्यानं विकल्या असतील, पण त्याबद्दल मला कुणी पेढा दिलेला नाही. दाजींनी एकदा घाटात ओकाऱ्यांनी बेजार झालेल्या मुंबईच्या एका कुटुंबाला आलं-लिंबू चाटवलं. ते कुटुंब अजून दर दिवाळीला त्यांच्याकडं मिठाईचा खोका घेऊन येतं. खोक्यातली अर्धी मिठाई दाजी माझ्या घरी पाठवतात. ती मला गोड लागत नाही, हे मी कुणाला सांगू?

आणि द्यायच्या बाबतीत तर हा माणूस फारच वाईट, कारण त्याचा राग धरता येत नाही. सरबताच्या जुन्या बाटल्यांत भरलेले काढे आमच्याकडं वारंवार येतात. एकदा असाच एक काळाकुट्ट काढा मी बायको बाहेर गेलेली पाहून गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत ओतला. बरेच महिने मुकी असलेली जास्वंद पुढच्या पंधरवड्यात फुलांनी लगडली. बायकोनं, म्हणजे सुमननं, कुंडीतला काळा डाग पाहून सगळं ओळखलं आणि दाजींना फोन करून आनंदाची बातमी दिली. ते म्हणाले, “पाव्हण्यांनी झाडाला पाजला व्हय? चांगलं केलं. झाडालाबी लागतंय.” टोमणा मारला असता तर मला निदान भांडता आलं असतं.

हेच दाजी मागच्या वर्षी दुकानात आले ते रिकाम्या हातानं. एरवी पिशवीत काहीतरी वळवळतं किंवा वास मारतं, तेव्हा काहीच नव्हतं. खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली आणि खाजगी आवाजात म्हणाले, “काळीज फडफडतंय पाव्हणं. पिंजऱ्यात पाखरू धरल्यावानी. मी अर्जुनाची साल लय दिवस घेतली. पर तुमच्या अक्का ऐकंनात. नेलं डॉक्टरनीकडं.” अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मेहुणी. तिनं जबरदस्तीनं त्यांना तळेगावातल्या हृदयाच्या डॉक्टरबाईंकडं नेलं होतं. ठोके वेडेवाकडे पडत होते. अशा हृदयात रक्ताची गुठळी धरू शकते, ती मेंदूकडं गेली तर अर्धं अंग लुळं पडतं, म्हणून बाईंनी रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली होती, आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला बोलावलं होतं.

मी गोळ्या दिल्या आणि धंद्याला स्मरून सांगितलं, “दाजी, ही गोळी नाजूक आहे. हिच्याबरोबर तुमचे काढे, लसणाच्या मुठी, हळदीचे गोळे, सगळं बंद. घ्यायचंच असेल तर आधी बाईंना विचारा.”

“व्हय व्हय,” दाजी म्हणाले. ते ‘व्हय व्हय’ मी ओळखतो. म्हशीला वाट द्यायला सांगितल्यावर म्हैस जसं आपल्याकडं बघते, तसं ते असतं. त्यांनी दारातून वळून मला समजावलंही: “बघा, गोळीबी रक्त पातळ करती, लसूणबी करतंय. मंग दोगं मिळून लवकर काम उरकतील की.”

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. त्यांना पटलंही असावं.

घरी आल्यावर मी सुमनला सांगितलं की तुझे दाजी दोन्ही एकदम घेणार आणि कुठंतरी रक्त वाहायला लागणार. नाकातून वाहिलं तर दिसेल, डोक्यात वाहिलं तर दिसणारही नाही. तिनं भाजी निवडता निवडता माझ्याकडं पाहिलं. “तुम्हाला नुसती जळजळ होतेय,” ती म्हणाली. “दाजींकडं चांगलं चूर्ण आहे जळजळीवर. सांगू का?”

हा घाव खोल गेला, कारण त्यात चूक काढता येईना. ज्या माणसाच्या यशावर मी इतकी वर्षं कुढत होतो, त्याच्याबद्दल आता मी खरी काळजी बोलत होतो, आणि ती कुणाला ऐकू येत नव्हती. सगळ्यांना फक्त माझं कुढणं ऐकू येत होतं. मी अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, “मी सांगते, पण ते ऐकायचे नाहीत. तुम्ही सांगितलंत म्हटल्यावर तर हसतात.” मी दाजींच्या मुलाला पुण्यात फोन केला. तो म्हणाला, “काका, बाबांचं एवढं काही मनावर घेऊ नका.” सांगणाराच गप्प बसला तर बरं, असं सर्वांचं मत दिसलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मीही स्वतःला विचारून पाहिलं की दाजींचं काही वाईट होऊ नये असं मला खरंच वाटतंय, की आपण बरोबर होतो एवढंच सिद्ध व्हावंसं वाटतंय? उत्तर स्पष्ट येईना. मग मी कूस बदलली.

त्यानंतर सुमनच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा आला. कार्यक्रम लोणावळ्यात होता, सकाळचा. धुकं खिडकीपर्यंत आलेलं, आत केटररच्या माणसांची धावपळ, आणि एका कोपऱ्यात खुर्च्यांचा गोल करून दाजींचा दरबार. पांढरा सदरा, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. मुलाकडची मंडळी त्यांना ओळखत नव्हती, पण एव्हाना तिकडच्या आजोबांनी चप्पल काढून तळपाय दाखवायला घेतलाही होता. मी चहाचा कप घेऊन शेवटच्या खुर्चीत जाऊन बसलो. तेवढ्यात दाजींनी स्वतःची बाही वर केली.

“हे बघा निळं डाग,” ते अभिमानानं म्हणाले. “कुटं आपटलो न्हाई, पडलो न्हाई. अंगातली उष्णता भाईर पडतीया. गोळीचं जहर हाय, त्ये काढा ढकलतोय भाईर.”

लोकांनी माना डोलावल्या. चहाचा कप खाली ठेवून मी पुढं वाकून पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे, निळे, पिवळट चट्टे होते. “दाजी, रक्त कधी तपासलं?” मी विचारलं.

“तपासू की. काय घाई हाय?”

“दाजी, तुम्ही गेलाच नाहीत?”

ते हसले आणि गोलाकडं वळून म्हणाले, “आमचं साडू. औषधाचं दुकान हाय त्यांचं. लय काळजी करत्यात.” सगळे माझ्याकडं पाहून कौतुकानं हसले. माझ्या कानशिलांना मिरच्या झोंबल्या.

अंगठी घालायची वेळ झाली तेव्हा सगळे उठून उभे राहिले. दाजी अक्षता टाकायला पुढं झाले आणि शिंकले. मग त्यांनी नाकाला हात लावला, हाताकडं पाहिलं, आणि पांढऱ्या सदऱ्यावर एक लाल ठिपका पडला. मग दुसरा. मग ठिपके मोजायचं कारण उरलं नाही. बायका धावल्या. कुणी डोक्यावर पाणी ओता म्हणालं, कुणी कांदा फोडून आणला, एका आजींनी दूर्वांचा रस नाकात पिळा म्हणून सांगितलं, आणि दाजी त्यातही मान वर करून सूचना देत होते, “दूर्वा कवळ्या बघून आना.” मी त्यांचं डोकं पुढं वाकवलं, नाकपुड्या चिमटीत धरल्या आणि ओरडलो, “गाडी काढा! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय!”

एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलत नाही. सगळे थबकले. आणि थबकून त्यांनी कुणाकडं पाहावं? दाजींकडं. ते काय म्हणतात याची सगळे वाट पाहत होते.

“थांबतंय आपसूक,” दाजी म्हणाले. नाक माझ्या चिमटीत असल्यामुळं ते बदकासारखं ऐकू आलं.

तेव्हा अक्का पुढं आल्या. आयुष्यभर त्या नवऱ्याच्या मागं दोन पावलं चालत आल्या होत्या. त्यांनी दाजींच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाल्या, “उठा. पाव्हणे सांगतात तसं करा. इतके दिवस ते सांगत होते, आपण हसत होतो.”

दाजी उठले.

शनिवार होता. लोणावळ्यातनं शनिवारी बाहेर पडणं म्हणजे काय ते तिथं राहणाऱ्यांना विचारा. चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्या तीन-तीन रांगांत उभ्या होत्या. माझी गाडी त्यात रुतून बसली. मागच्या सीटवर अक्कांच्या मांडीवरचा टॉवेल लाल होत चालला होता. चौकातल्या पोलिसानं काचेवर टकटक केलं. गेली कैक वर्षं हाच मला याच चौकात थांबवून कागदपत्रं मागतो. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “आबा? काय झालं आबा?” मग शिट्टी वाजवत तो स्वतः गाडीच्या पुढं धावला आणि पर्यटकांच्या गाड्या बाजूला काढत त्यानं वाट करून दिली. त्याच्या सासूच्या गुडघ्यांना म्हणे दाजींचं तेल लागू पडलं होतं. इतक्या भीतीतही, देवाशपथ सांगतो, माझ्या छातीत ती जुनी कळ आलीच.

तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या. त्यांनी नाकात पट्टी भरली, रक्त तपासायला पाठवलं. निकाल पाहताच त्यांनी आधी सलाईनमधून औषध सुरू केलं, डोक्याचा फोटो काढून घेतला. तो फोटो येईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून होतो, आणि रात्री कूस बदलताना जे उत्तर सापडत नव्हतं ते तिथं आपोआप सापडलं. मला काहीही सिद्ध करायचं नव्हतं. डोक्यात काही नसू दे, एवढंच मी म्हणत होतो. हवं तर उभा मावळ त्यांच्याकडं जाऊ दे आणि माझ्या दुकानाला कुलूप लागू दे.

डोक्यात काही नव्हतं. बाईंनी आत बोलावलं.

“आबा, गोळीशिवाय आणखी काय काय घेत होता?” त्यांनी विचारलं.

“काय न्हाई,” दाजी म्हणाले, आणि माझ्याकडं पाहून त्यांची नजर खाली गेली. मग त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. सकाळी अर्जुनाच्या सालीचा दुधातला काढा. त्यावर सोललेल्या लसणाची मूठ. दुपारी आल्याचा रस. रात्री हळदीचा गोळा. मध्ये खोकला झाला म्हणून ज्येष्ठमध. बाई ऐकत गेल्या.

“स्वयंपाकात असतं तेवढं आलं-लसूण खा, त्याला माझी ना नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही औषध म्हणून मुठी भरून घेत होता. जे माझी गोळी करते तेच यातलं बरंचसं करतं. आणि अर्जुन या गोळीबरोबर किती चालतो हे मलाही नक्की सांगता येणार नाही. म्हणून तर विचारायचं.”

दाजी छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी घाट उतरताना मागनं इंजन ढकलतंय, आन् ब्रेक सोडल्यात. आसंच ना?”

“अगदी तसंच.”

“मंग गोळी बंद करू. साल ऱ्हाऊ द्या.”

“गोळी बंद केलीत तर गुठळी होईल. तुमचं हृदय आता गोळीशिवाय सुरक्षित नाही, आबा.”

“पर झाडानं काय वाईट केलं व्हतं बाई?”

हे त्यांनी इतक्या दुखावल्या आवाजात विचारलं की बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. “झाडानं काही केलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मला सांगितलं नाहीत, एवढंच झालं.” मला वाटलं आता पथ्यपाणी सांगतील. त्या म्हणाल्या, “आबा, माझ्या आईचे केस फार गळतात हो. वरून लावायला काही आहे?” मी खोलीच्या बाहेर गेलो.

दाजी बरे होऊन घरी गेले. रक्त आता वेळेवर तपासतात, अक्का नेतात. काढे बंद आहेत. आणि त्यांनी एक गोष्ट केली जी मी त्यांच्या जागी असतो तर केली नसती. दारात औषध मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारू लागले, “काळजाची, रक्ताची गोळी चालू हाय का? मंग आमच्याकडचं न्हाई घ्यायचं. आधी डॉक्टरला सांगा. न्हाईतर तळेगावला आमच्या साडूंना इचारा, त्यांना कळतंय.” त्यामुळं आता नवलाख उंबऱ्यापासून कामशेतपर्यंतची माणसं प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मुळ्या-साली घेऊन माझ्या दुकानात येतात, काउंटरवर ओततात, आणि मी काय म्हणतो याची वाट बघत उभी राहतात. सुदुंबऱ्याच्या मावशीही आल्या होत्या. याच दिवसाची मी वाट पाहत होतो. गंमत अशी की त्यात म्हणावी तशी मजा येत नाही.

परवा आम्ही दाजींकडं जेवायला गेलो होतो. ते पडवीत खुर्चीवर बसून होते. डोंगर समोरच होता, पण खुर्चीची पाठ त्याच्याकडं केलेली. बोलणं बेताचं. ताटं वाढली, इंद्रायणीचा वाफाळता भात, आमटी, आणि अक्कांनी बांधावरून खुडून आणलेल्या कुरडूची भाजी. सगळे जेवायला लागले. दाजींनी घास केला, तो तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मग हळूच, बायकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला विचारलं, “पाव्हणं, ही खाऊ का?”

इतकी वर्षं या माणसानं मला एकदा तरी काही विचारावं म्हणून मी झुरलो होतो. आणि आता त्यानं विचारलं ते हे, स्वतःच्या बांधावरच्या, स्वतःच्या बायकोनं शिजवलेल्या भाजीबद्दल.

“खा की,” मी म्हणालो. “पालेभाजी चालते. रोज साधारण सारखी ठेवा, एक दिवस ढीग आणि एक दिवस काहीच नाही असं केलं की गोळीचा हिशेब चुकतो, एवढंच.”

“एवढी?” त्यांनी घास दाखवला.

“त्याच्या दुप्पट खा.”

त्यांनी तो घास खाल्ला. पुन्हा गप्प झाले. मला ते गप्प बसणं सोसवेना. माझ्या आईनं लहानपणी मला रानात नेऊन कुरडू ओळखायला शिकवला होता. अंधारातही मी तो चाचपून ओळखीन. तरी मी विचारलं, “दाजी, हा कुरडू ओळखायचा कसा हो? मला आपलं सगळं गवतच दिसतं.”

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना खोटं कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी ताट थोडं बाजूला सारलं. “आवं, सोपं हाय,” ते म्हणाले. “आदी देठ बघायचा...” आणि सांगायला लागले. आवाज अजून पहिल्यासारखा नव्हता, मध्येच दम लागत होता. अक्का वाढता वाढता थांबल्या. भात निवत गेला, आणि मी त्यांच्या एकाही वाक्यात मध्ये बोललो नाही.